काच पुसताना

सकाळी सहाला फिडलर्स गॅपच्या कठड्यापाशी
माझ्याआधी फक्त धुकं पोचलेलं असतं.
टेनेसीतला ऑक्टोबर. बोटं आखडतात.
मी दोन्ही दुर्बिणी पुसते.
उजवीकडची साधी, पूर्वी नाण्यावर चालायची,
आता फुकट, तरी लोक खिसे चाचपतात.
डावीकडची नवी. रंग नीट न दिसणाऱ्यांसाठी.
तिच्या काचेवर सापडतात
पापणीचे केस, मस्कारा, कुणाच्या नाकाचा ठसा,
एकदा च्युइंगगम,
आणि पुष्कळदा मीठ.

लोकांना वाटतं ही काच रंग भरते.
नाही. ती काढून घेते.
लाल आणि हिरवा, दोघंही हक्क सांगतात अशी
उजेडाची एक चिंचोळी पट्टी
बांध घालावा तशी अडवते.
भाऊ वेगळे निघाले की घराला
दोन दारं दिसू लागतात, तसं काहीसं.
मी स्वतः डोळा लावला तेव्हा
डोंगर जरा जास्तच नटलेला वाटला, बस.
त्यांना जे दिसतं ते मला कधीच दिसणार नाही.
पाटीवर हेही लिहायला हवं होतं.

व्हर्जिल टॅकेट आला तो मंगळवार.
वय एकाहत्तर. लाकडांचे ट्रक चालवलेला.
विसाव्या वर्षी रेल्वेने परत पाठवलं होतं,
ठिपक्यांच्या वहीतला आकडा सापडेना म्हणून.
बायको, लोरीन, गाडीतून न उतरता:
"बघ एकदाचं, कॉफी निवतेय."
सेहेचाळीस ऑक्टोबर तिने इथंच म्हटलं होतं,
बघ, डोंगर पेटलाय,
आणि तो हो म्हणाला होता
प्रार्थनेच्या शेवटी सगळे म्हणतात तसं.
त्याला दिसायची ओल्या पोत्यांची थप्पी,
वर ऊन.

"पण हरणं मला आधी दिसतात हं,"
टोपी काढत तो म्हणाला.
"तुमच्या रंगांत ती लपतात.
माझ्यात त्यांना जागाच नाही लपायला."

मग वाकला.
मी दुसरीकडे पाहायला शिकलेय.
कुणी पहिल्यांदा बघत असताना
त्याच्याकडे बघू नये.
बुटाची नाडी सुटली होती, ती बांधली.
मागे चार माणसं जमली, एकजण खाकरला.
आणि मान न उचलता,
वर्गात गणित अडलेल्या पोराच्या आवाजात
व्हर्जिलने विचारलं,
"यातला लाल कुठला?"

याचं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं.
फरक दिसत होता त्याला.
एकाहत्तर वर्षं नुसता शब्द सांभाळला,
आता वस्तू समोर,
आणि शब्द टेकवायचा कुठे कळेना.
मी त्याच्या कानाशी वाकले.
पडक्या गोठ्याच्या छपरावर नजर न्या.
तिथलं एकटं झाड, सॉरवुड. ते तांबडं, जवळजवळ काळपट.
त्याच्या खांद्याशी मेपल, शेंदरी.
खालची हिकरी पिवळी, ती तुमची ओळखीचीच.
आणि कडेचा पाइन, तो हिरवाच राहिलाय.

"हिरवा असा असतो?"
असा.
"गार आहे," तो म्हणाला.

गाडीचं दार उघडं होतं म्हणून ऐकू आलं.
काय मग, लोरीनने विचारलं.
"तू जरा कमीच सांगायचीस."
तिने कपात कॉफी ओतली,
थोडी बाहेर सांडली.

दुपारी शाळेची बस. थॅडियस, नऊ वर्षांचा,
त्याला दुर्बिणीतून काहीच वेगळं दिसलं नाही.
प्रत्येक डोळ्याला ही काच लागू पडत नाही.
शिक्षिका मोबाइल रोखून उभ्या,
चेहऱ्यावरचं आश्चर्य टिपायला.
पोराने मोबाइल पाहिला
आणि बेताचं तोंड उघडलं.
मी फडकं काढून मध्ये उभी राहिले,
पुसलेली काच पुन्हा पुसत.
नाही दिसलं तरी चालतं, मी पुटपुटले.

त्याने तोंड मिटलं.
कठड्याला हनुवटी टेकवून, दुर्बिणीशिवाय,
बराच वेळ खाली पाहत राहिला.
"हरीण," म्हणाला.
कुठे?
"तिथं. दोन आहेत."

होती.
मला दुसरं सापडेपर्यंत
बस सुटायची वेळ झाली.